धरून ठेव

“टीव्ही पडला का थो दुसरा पोट्टा वाकून पायते. तुमी पायलं का?” डब्याची पिशवी खांद्याला अडकवता अडकवता ज्योत्स्नानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ती जिना उतरून ऑफिसला निघूनही गेली. अनुप चहाचा कप धरून तसाच उभा राहिला. प्रश्न काही मोठा नव्हता. नवरा दिवसभर ज्या खोलीत बसतो तिच्या दारातून जाता-येता बायकोला काहीतरी दिसलं, ते तिनं सांगितलं, एवढंच. पण त्यानं ते पाहिलं नव्हतं. चार दिवस तो या व्हिडिओ गेमच्या मानगुटीवर बसला होता, त्याचं हाड न् हाड मोकळं केलं होतं, काल दुपारी त्यावरचा आपला व्हिडिओ बोलून, कापून, ठाकठीक करून मोकळा झाला होता, आणि दुसरा पोट्टा वाकतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं कप खिडकीत ठेवला, पडदे ओढले आणि खेळ पुन्हा सुरू केला. मेन्यू नाही, नाव नाही, सूचना नाही, एकदम रस्ता. सायकल, सायकलच्या कॅरिअरवर जुना टीव्ही, हँडलला तपकिरी शर्टातला पोरगा, म्हणजे अनुप स्वतः, आणि बाजूला निळ्या शर्टातला दुसरा, नुसता उभा. पहिल्या गतिरोधकावर त्यानं मुद्दाम टीव्ही पाडला. निळा आधी दचकला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून वाकला, पडलेल्या टीव्हीकडे त्यानं नीट पाहिलं, आणि उभं राहून थेट पडद्याबाहेर, अनुपच्या दिशेनं बघायला लागला. अनुपनं यंत्र बंद केलं. खिडकीतला चहा तोवर निवून गेला होता.

आता हे कोणाला सांगितलं तर तो हसेल. एवढ्याशा गोष्टीपायी माणसानं चहा का निवू द्यावा? पण अनुपचं सगळं दुकान एवढ्याशा गोष्टींवरच चालत होतं. त्याच्या चॅनलचं नाव ‘खोड’. मराठी मुलखात जो कोणी पैसे टाकून व्हिडिओ गेम घेतो तो आधी ‘खोड’ बघतो, असं तो स्वतःच म्हणायचा, आणि ते फारसं खोटं नव्हतं. नव्या मोठ्या खेळांचे नकाशे एवढे पसरलेले असतात की घोड्यावरून टोकाला जायला दुपार जाते, आणि तिथं पोहोचल्यावर पुन्हा तीच म्हातारी, तिची तीच हरवलेली शेळी. हे त्यानं पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा लोक टाळ्या वाजवून हसले होते. भीतीच्या खेळांबद्दल तो म्हणाला होता की अंधारात भांडं पाडलं की कोणीही दचकतं, त्याला भीती म्हणत नाहीत. दरवर्षी नव्या नावानं येणाऱ्या फुटबॉलच्या खेळाला त्यानं ‘उंबरठ्याला रंग मारलेलं जुनंच घर’ म्हटलं. शंभरदा मारून शहाणं करणारे अवघड खेळ आले, तर यानं विचारलं की शहाणपण येतं की नुसती सवय होते? निवांत शेतीच्या एका खेळाचं सगळ्या जगानं कौतुक केलं, अनुपनं त्यातल्या कपाशीच्या बोंडावर पडदा थांबवला आणि म्हणाला, “ज्यानं हे काढलं त्यानं कापूस फक्त उशीत पाहिलाय.” ते वाक्य तर इतकं फिरलं की बडनेऱ्याला पानाच्या ठेल्यावर एका अनोळखी माणसानं ते त्यालाच ऐकवलं. त्याची मतं खरी असत, हे महत्त्वाचं. तो पैसे घेऊन बोलत नसे, उगाच कोणाला हाणत नसे. फक्त चांगलं म्हणायची वेळ आली की त्याला शब्द सुचत नसत. ‘बरा आहे’ म्हणून तो पुढं सरकायचा.

हे घराण्यात होतं, असं तो मनातल्या मनात मानून चालला होता. त्याचे वडील धर्मपाल जन्मभर कापड तपासत आले. आधी अकोल्याच्या मिलमध्ये, मिल बसल्यावर अमरावतीला बिऱ्हाड हलवून इकडेतिकडे, आणि शेवटची काही वर्षं नांदगाव पेठेच्या एका कारखान्यात. तिरप्या काचेखाली दिवा, काचेवरून सरकणारं कापड, आणि समोर उभे धर्मपाल. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की त्यावर खडूची खूण. लहानपणी एकदा बाबांचा डबा द्यायला गेलेला अनुप त्या काचेजवळ बराच वेळ उभा राहिला होता. “चांगलं कापड कसं ओयखाचं, बाबा?” धर्मपाल म्हणाले, “चांगलं दिसतच नाई. काईच नाई दिसलं का समजाचं, चांगलं होतं.” पोराला ते फार आवडलं. पुढं नोकरी संपली तरी बाबांचे डोळे काही निवृत्त झाले नाहीत. अनुपच्या लग्नात ज्योत्स्नाच्या शालूचा काठ बोटांनी चाचपून त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं की इथं धागा सुटलाय. सुटला होताच. ज्योत्स्ना तेव्हा हसली होती, आणि तो शालू तिनं पुन्हा कधी नेसला नाही. बाबा गेल्यावर त्यांच्या पेटीत खडूचे तुकडे निघाले. आईनं ते टाकून दिले.

अमरावतीहून दुपारची अकोल्याची एसटी त्यानं पकडली. आज जायचं ठरलेलंच होतं. हा खेळ स्वप्निलनं केला होता, आणि स्वप्निल म्हणजे अकोल्यातला, एका बाकावरचा, एका पतंगाच्या मांज्यानं दोघांची बोटं कापलेला स्वप्निल. पुण्याची नोकरी सोडून तो पाच वर्षांपूर्वी जठारपेठेतल्या घरी परत आला, आणि कोणी विचारलं तर ‘सायकलीवरचा टीव्ही बनवून राहिलो’ म्हणून सांगायला लागला. नातेवाइकांनी त्याला वाया गेलेला धरलं. आज संध्याकाळी सहा वाजता ‘धरून ठेव’ नावाचा तो खेळ बाजारात येणार होता. सहालाच ‘खोड’वर अनुपचा व्हिडिओ आपोआप लागणार होता, आणि त्यात अनुप म्हणाला होता, “हा टीव्ही नेण्याचा खेळ नाही, टीव्ही पाडण्याचा सराव आहे. साथीदार एवढा मठ्ठ मी आजवर पाहिला नाही. पाच वर्षांत त्याच्या डोक्यात चिमूटभर अक्कल घालता आली नाही?” दहापैकी चार. आपण कोणाही कर्त्याला आधी कळवत नाही, हा त्याचा नियम होता, आणि तो स्वप्निललाही माहीत होता. परवा फोनवर स्वप्निल एवढंच म्हणाला होता, “तुहं मत सहाले येऊ दे. पण त्या टायमाले तू माह्याजवळ पायजे बे. येजो.” मित्राच्या घरी बसून त्याच्या तोंडावर चार म्हणायचे, यात एक प्रकारचा ताठपणा आहे असं अनुपला कालपर्यंत वाटत होतं. बसच्या तापलेल्या पत्र्याला खांदा लागला आणि त्याला वाटलं, ताठपणा कसला, आपण नुसते अडकलोय.

मूर्तिजापूरपर्यंत त्यानं फोन काढला आणि ठेवला, काढला आणि ठेवला. व्हिडिओची वेळ बदलणं म्हणजे बोटाचं काम. पण बदलायची कशासाठी? एक पोट्टा वाकतो म्हणून? पूर्ण नळ फुटलाय आणि तोटीवरचं नक्षीकाम छान आहे, तर त्यानं नळाचं काय होतं? त्याचं डोकं असं बरोबर चालत होतं, आणि हात पुन्हा फोनकडं जात होता. उन्हात रस्ता हलत होता. शेतं मोकळी, नांगरून पडलेली. पुढच्या सीटवरची बाई तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडून पाणी प्यायली आणि तिनं तो पुन्हा बांधला. निळ्या शर्टातला पोट्टा कोणाची वाट पाहत होता? कालपर्यंत अनुपला खात्री होती की तो काही पाहतच नव्हता, त्याच्यात पाहायला कोणी नव्हतंच. खेळताना तो त्याच्यावर ओरडलासुद्धा होता, “चाल ना बे, उभा काऊन हायेस?” इतक्या जोरात की ज्योत्स्ना पोळी लाटता लाटता आत आली होती. “कोनाशी भांडून रायले?” “कोनाशी नाई.” ती पडद्याकडे थोडा वेळ बघत राहिली होती. तेव्हाच तिला ते वाकणं दिसलं असणार. आणि मग एका गोष्टीवरून दुसरी निघाली, अनुपला नको होती ती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यानं हौसेनं दुसरा कंट्रोलर आणला होता, पांढरा, तिच्यासाठी. ती दोनदा बसली. दोन्ही वेळा तो शेजारून सांगत राहिला: तसं नाही, आधी उडी, आता नको, आता दाब, अगं, काय करतेस. दुसऱ्यांदा तिनं कंट्रोलर गादीवर ठेवला आणि म्हणाली, “तुमीच खेळा, मले पायाले आवडते.” त्याला बरंच वाटलं होतं तेव्हा. पांढरा कंट्रोलर खोक्यात, खोकं कपाटावर. ती अजूनही दारातून पाहते. आणि आपल्याला जे दिसत नाही ते तिला दिसतं, याचा त्याला राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली.

बोरगाव मंजू गेलं आणि अकोल्याची ती ओळखीची झळ बसमध्ये शिरली. या गावात त्याचं बालपण गेलं, आणि ते बालपण म्हटलं की त्याला नेहमी शेषरावचं दुकानच आठवायचं. पत्र्याच्या खोलीत चार टीव्ही, प्रत्येकापुढं एक बाकडं, दोन जॉयस्टिक, वर एक पंखा जो वारं कमी आणि आवाज जास्त द्यायचा. शेषरावचा एक नियम होता, त्यात फरक नाही: एकट्याला बसू द्यायचं नाही. एकटा पोरगा आला तर तो आधी दाराशी उभा राहायचा. दुसरा कोणी एकटा आला, ओळखीचा असो नसो, की शेषराव दोघांना एका बाकड्यावर ढकलायचा. कोणी कुरकुर केली तर म्हणायचा, “एकट्यानं खेळाचं असन तं घरी आरशापुढं बस.” स्वप्निल आणि अनुपला कधी दाराशी उभं राहावं लागलं नाही. स्वप्निलच्या वाट्याला नेहमी दुसरी जॉयस्टिक, जिचं बटण रुतून बसायचं आणि नखानं उपसावं लागायचं. एकदा शेषरावचा एक टीव्ही बिघडला तेव्हा तो दुरुस्तीला न्यायचं काम या दोघांनी मागून घेतलं. सायकल स्वप्निलची म्हणून हँडल स्वप्निलकडं, आणि कॅरिअरवरच्या टीव्हीला मागून मिठी मारून अनुप. गावभर ती वरात निघाली. प्रत्येक खड्ड्याला स्वप्निल मागं न बघता ओरडायचा, “धरून ठेव बे! धरून ठेव!” अनुपच्या गालाला काच गरम लागत होती, आणि त्या काचेत त्याला पुढं चाललेला स्वप्निल दिसत होता, छोटासा, वाकडा. टीव्ही पडला नाही. दुरुस्तही झाला नाही, पण पडला नाही. बस स्टँडवर उतरताना अनुपच्या मनात एकदम काहीतरी लखकन चमकलं आणि गर्दीत हरवलं. रिक्षावाल्यांशी घासाघीस करताना त्याला ते पुन्हा सापडेना.

स्वप्निलच्या घरी कूलर गरगरत होता. वाळ्याचा वास, भिंतीला लावलेला मोठा पडदा, जमिनीवर सतरंजी. स्वप्निल वाळलेला दिसत होता, दाढी वाढलेली, पण डोळे तेच, भुवईवरची जखमेची जुनी खूणही तीच. त्यानं मिठी मारली आणि लगेच म्हणाला, “काई सांगू नको. सहाले पायतो मी.” त्याची आई इंदूबाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात कंट्रोलर होता. अनुपला आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. मग स्वप्निल आपला कंट्रोलर उचलून आईशेजारी बसला, आणि पडद्यावर अनुपला दिसलं की सायकल चाललीय, टीव्ही जागेवर आहे, आणि निळ्या शर्टातला पोट्टा मागून टीव्हीला मिठी मारून, जीभ बाहेर काढून, तुरुतुरु चाललाय.

“ह्यो चालते?” अनुपच्या तोंडून निघालं.

“चालनार नाई तं काय?” स्वप्निल म्हणाला. “आई पाच वर्षांपासून धरून रायली त्याले. मी बनवतो, नं आम्ही दोघं खेळून पायतो. तिच्याएवढा टीव्ही कोनी नाई धरला.”

“घे बाबा तू,” इंदूबाईंनी कंट्रोलर त्याच्यापुढं केला. “माह्या हाताले मुंग्या आल्या. दाबून धराचं फक्त. सोडलं का पडला.”

म्हणजे त्या पोट्ट्यात डोकं घातलंच नव्हतं. घालायचं नव्हतंच. निळा पोट्टा कोणीतरी दुसरा कंट्रोलर उचलेपर्यंत उभा राहणार होता, आणि स्वप्निलला हे कुठं लिहून ठेवावं असंसुद्धा सुचलं नव्हतं, कारण शेषरावच्या बाकड्यावर वाढलेल्या माणसाला एकटा खेळाडू म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. आणि अनुप त्याच बाकड्यावर वाढला होता. बस स्टँडवर लखकन चमकलं होतं ते हे. सहाला अजून अवकाश होता. आत्ता सांगावं, फोन काढावा, व्हिडिओ थांबवावा. आणि स्वप्निलला म्हणावं, सुरुवातीला एक ओळ टाक, दोघं बसा म्हणून, नाहीतर मरशील. पण पडद्यावर स्वप्निलनं हँडल धरलं होतं आणि तो ओरडला होता, “धरून ठेव बे!” आणि इंदूबाईंनी दिलेल्या कंट्रोलरच्या बटणावर अनुपचा अंगठा गेला होता.

दाबलं तसा निळा पोट्टा पळत आला आणि त्यानं टीव्हीला मिठी मारली. विझलेल्या काचेत उजेड आला. एकट्यानं खेळताना अनुपला तपकिरी पोट्ट्याची नुसती पाठ दिसत होती, आणि त्यानं व्हिडिओत टोमणाही मारला होता की चेहरा काढायचा कंटाळा केलाय. आता टीव्हीच्या काचेत तो चेहरा दिसला. छोटासा, वाकडा, भुवईवर जखमेची खूण असलेला. गतिरोधक आला, दोघं एकदम डावीकडं कलले, टीव्ही हलला आणि राहिला. अनुप हसला. मोठ्यानं हसला, आणि ते त्याच्या स्वतःच्या कानाला इतकं अनोळखी लागलं की तो पुन्हा हसला. बोळातून समोरून बँड घेऊन लग्नाची वरात आली. स्वप्निलनं सायकल वरातीतच घुसवली आणि निळा पोट्टा मिठी न सोडता नाचायला लागला. इंदूबाई मागून सूचना करत होत्या, “कलती कर, कलती कर, गेला!” आणि त्या सूचनांचा त्याला राग येत नव्हता. फोन खिशात होता. तो काढायचा म्हणजे बटण सोडायचं. हा बोळ झाला की काढू. बोळ झाला, पुढं ढोरांचा कळप होता. कळप झाला की. कळप झाला आणि नदीवरचा अरुंद पूल आला, खाली पाणी, काचेत आभाळ आणि आभाळात स्वप्निलचा लहानपणीचा चेहरा, आणि अनुपला कळत होतं की आपण चांगलं काहीतरी पाहतोय, ते स्पष्ट दिसतंय, बाबांनी सांगितलं ते खरं नव्हतं. हे कोणाला कसं सांगायचं याची तो वाक्यं जुळवत नव्हता. पूल झाला की काढू, असं त्याला शेवटचं वाटलं, आणि मग तेही वाटायचं थांबलं.

पुलाच्या मधोमध त्याची मांडी थरथरायला लागली. खिशातला फोन होता. एकदा, दोनदा, मग न थांबता. कूलरवर ठेवलेला स्वप्निलचा फोनही वाजला.

“आला वाटते तुहा,” स्वप्निल म्हणाला. त्यानं आपला कंट्रोलर सतरंजीवर ठेवला आणि हसत हसत उठला. पडद्यावर सायकल थांबली. तपकिरी पोट्टा हँडल धरून नुसता उभा राहिला, मागं निळा टीव्हीला चिकटून. अनुपनं तोंड उघडलं, पण सांगायचं ते एका श्वासात सांगून होण्यासारखं राहिलं नव्हतं. आणि खोलीत त्याचाच आवाज सुरू झाला, कालचा, स्वच्छ, पुस्तकी, स्वतःवर खूश असलेला. नमस्कार, मी अनुप, आणि आपण पाहताय ‘खोड’. स्वप्निल उभ्यानं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू निघून जायला वेळ लागला. चिमूटभर अक्कल म्हटल्यावर इंदूबाईंनी विचारलं, “हे तूच बोलून रायला काय रे, अनुप?” त्यांना खरंच कळलं नव्हतं, आवाज वेगळाच वाटत होता.

दहापैकी चार झालं, व्हिडिओ संपला. स्वप्निलनं फोन पालथा घातला. कूलरचं पाणी टपटपत होतं.

“एकट्यानंच खेळला काय बे?” त्यानं विचारलं.

“हो.”

“पूर्न?”

“पूर्न.”

स्वप्निलनं पडद्याकडं पाहिलं, पुलाकडं. “म्हंजे जो एकटा बसन,” तो हळू म्हणाला, “त्याले हेच दिसन.” स्वप्निलला पटत चाललेलं दिसत होतं, पाच वर्षं एका न लिहिलेल्या ओळीपायी गेलेली त्याला दिसत होती, आणि मत बरोबर होतं हे त्यातलं सगळ्यात वाईट होतं. अनुपचा अंगठा वाकडा होऊन दुखायला लागला होता. फोन मांडीवर थरथरतच होता. लोक हसत असणार.

“सोड आता ते बटन,” स्वप्निल म्हणाला. “मी नाई चालवून रायलो.”

अनुपनं सोडलं नाही. अंगठ्यातली आग मनगटापर्यंत आली तरी तो तसाच दाबून बसून राहिला. पुलावर टीव्ही जागेवर होता.